साप नसलेली पेटी

उंदीर सापाला कुरतडायला लागला तेव्हा मी पावभाजीची दुसरी डिश हातात घेऊन उभी होते.

बाणेरला अकराव्या मजल्यावर आमच्या चिरंजीवांच्या वर्गातल्या एका मित्राचा पंधरावा वाढदिवस होता, आणि मुलं केकपेक्षा हॉलमधल्या टीव्ही युनिटभोवतीच जास्त गोळा झाली होती, कारण तिथे ब्लूटूथ स्पीकरच्या शेजारी माशांची असते तसली काचेची टाकी होती आणि तिच्यात बॉल पायथन जातीचा साप होता. नाव थोर. चॉकलेटी-काळा, अंगावर सोनेरी ठिपके, आणि वेटोळं करून बसलेला, म्हणजे आपण सुतळीचा तोडा करून ड्रॉवरमध्ये टाकतो तसा. टाकीत एक पांढरा उंदीर पण होता. मुलाचे बाबा खूप हौसेने सांगत होते, आफ्रिकन जात आहे, विष नाही, पाळायला एकदम सोपा, कुत्र्यासारखं फिरवायला न्यायला नको, भुंकणं नाही, सोसायटीची कटकट नाही. उंदीर दोन दिवसांपासून आत होता. "भूक लागली की खाईल," ते म्हणाले. मुलं मोबाइल धरून वाट बघत होती, काचेवर टकटक करत होती, आणि मी सगळ्यांच्या मागे उभी राहून पावावर लिंबू पिळत असताना बघितलं की उंदीर त्या वेटोळ्यावर चढून बसलाय, पुढचे दोन्ही पंजे टेकवून, आणि शेपटीच्या जरा वर एका जागी आरामात कुरतडतोय, जसं काही ते त्याचं रोजचंच काम आहे. तिथले खवले गेले होते, आतलं गुलाबी दिसत होतं. सापाने काय केलं तर डोकं आणखी आत घातलं. मला वाटलं आता फिरेल, आता गिळेल. इतकी वर्षं आपण काय ऐकलंय, साप उंदराला खातो. आणि इथे उलटंच चाललं होतं.

मी काहीच बोलले नाही.

बोलायला नको म्हणून नाही, काय बोलायचं तेच माहीत नव्हतं. हे असंच असतं का, का काहीतरी चुकतंय, एवढंही कळत नव्हतं. पाहुण्यांच्या घरी जाऊन त्यांच्या सापाबद्दल मत देणारी मी कोण. घरी येताना विद्यापीठ चौकात नेहमीप्रमाणे अडकलो, मागच्या सीटवरून चिरंजीव म्हणाले, "आई, मला पण हवाय," मी "बघू" म्हटलं. आमच्याकडे "बघू" म्हणजे नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. पण रात्री भांडी आवरताना ते गुलाबी सारखं डोळ्यापुढे यायला लागलं.

खरं तर साप या विषयात मी स्वतःला बऱ्यापैकी जाणकार समजत होते. म्हणजे लहानपणी शनिवार पेठेतल्या वाड्यात नागपंचमीला गारुडी यायचा, टोपली उघडायचा, पुंगी वाजवायचा, आणि आजी वाटीत दूध आणि लाह्या घेऊन यायची. त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, तव्यावर काही भाजायचं नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. पाटावर चंदनाने काढलेले नाग, त्यांची जीभ काढायचं काम माझं, मी त्यांना नेहमी एक फाटा जास्त द्यायची. टोपलीतला नाग दूध प्यायचा आणि आम्ही हात जोडायचो. त्याला कित्येक दिवस पाणी दिलेलं नसतं, तहानेने व्याकुळ झालेलं जनावर समोर आलेलं काहीही पितं, आणि दूध त्याला पचत नाही, हे पुष्कळ नंतर कळलं. तोवर आजी गेली होती, त्यामुळे भांडायला कोणी नव्हतं. दुसरी शाळा म्हणजे वेल्ह्याकडचं मामाचं गाव. तिथे संध्याकाळनंतर साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. गोठ्यात एकदा धामण निघाली, चांगली मामाच्या उंचीपेक्षा लांब, आणि ती गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते हे तिथे सगळ्यांना माहीत असल्यामुळे मामाने काठी घेतली. मला आवाज आठवतो. काठीचा नाही, ती मेल्यानंतरही शेपूट वाळलेल्या गवतावर आपटत होती त्याचा. मग मामाच्या आईने तिला रीतसर अग्नी दिला, वर तांब्याचा एक पैसा ठेवला, आणि सगळे हातपाय धुऊन जेवायला बसले. त्या वर्षी कणगीत उंदीर फार झाले असं मामी म्हणायची, पण ते ती दरवर्षीच म्हणायची.

म्हणजे सापाला घाबरायचं कसं, पुजायचं कसं आणि मारायचं कसं, हे तिन्ही मला येत होतं. जेवायला कसं घालायचं हे मात्र कोणीच शिकवलं नव्हतं.

बाबा एक गोष्ट नेहमी सांगायचे, नीलिमकुमार खैरे १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत बसले होते त्याची, आणि बघायला पुणं कसं लोटलं होतं त्याची. गोष्ट सांगून झाली की रविवारी आमची वरात कात्रजच्या सर्पोद्यानात. तिथे नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या पाट्या मी तोंडपाठ केल्या होत्या, मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे दाट आणि डोक्याकडे विरळ होत जातात, बिनविषारी कवड्याचे उलटे, हे मी अजून झोपेतून उठवलं तरी सांगेन. आता इतक्या वर्षांनी चिरंजीवांना घेऊन गेले तर बुधवार निघाला. बुधवारी बंद असतं हे गेटवर जाऊन कळणारी मी अस्सल पुणेकर. शनिवारी परत गेलो. तो मोबाइलवर, आणि मी पहिल्यांदाच सापाकडे न बघता बाकीचं बघत होते, पाणी कुठे ठेवलंय, लपायला जागा कुठे आहे, ऊन कुठून येतं. एक बाई शेजारून म्हणाल्या, "काही दिसतच नाहीये हो, पैसे वाया." साप दगडाखाली होता. मला मात्र हायसं वाटलं, का ते तेव्हा कळलं नाही.

तर करार असा झाला. एक वर्ष शिकायचं, सगळं, आणि मग ठरवायचं. मला वाटलं होतं दोन आठवड्यात याचा उत्साह मावळेल. पहिलंच जे वाचलं ते त्या उंदराबद्दल होतं. भूक नसलेल्या सापाजवळ जिवंत उंदीर सोडून द्यायचा नाही, तो सापाला चावतो, जखमा करतो, पार कण्यापर्यंत पोखरलेले साप डॉक्टरांकडे येतात. म्हणून जाणकार लोक आधीच मारून गोठवलेले उंदीर वापरतात, बर्फ पूर्ण उतरवून, कोमट पाण्यात पिशवी ठेवून गरम करून, लांब चिमट्याने धरून. बॉल पायथनला ओठांवरच्या खाचांतून समोरच्याची उष्णता कळते, त्यामुळे गार उंदीर त्याच्या लेखी नसल्यातच जमा. हे वाचलं त्या रात्री बाणेरला फोन करावा असं चार वेळा वाटलं. नंबर शाळेच्या ग्रुपवर होता. केला नाही. काय म्हणणार, तुमच्याकडे भाजी छान होती पण?

मग कायदा. आपल्याकडचा साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, नाग राहू दे, पाण्यातली बिनविषारी दिवडसुद्धा बादलीत ठेवायची नाही. परदेशी जातींचं आधी काही धड नव्हतं, नंतर २०२२ च्या दुरुस्तीने सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी कायद्यात आले, आणि २०२४ पासून ते घरात असतील तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. बॉल पायथन त्या यादीत आहे. चिरंजीवांनी मित्राला विचारलं, कागद आहेत का, तर उत्तर आलं, दुकानवाला म्हणाला काही लागत नाही. आम्ही सदनिका घेताना सातबाऱ्यापासून सगळं तीनदा तपासणारी माणसं, पण जिवंत प्राणी घेताना दुकानवाला म्हणाला तर म्हणाला.

पेटी बनवायची ठरली तेव्हा घरात खरी गंमत सुरू झाली. साप आधी आणून मग पेटी नाही, पेटी आधी, रिकामी, आणि ती काही महिने चालवून बघायची, तापमान धरून ठेवते का ते. चार फूट लांब, दोन रुंद, पुढे सरकत्या काचा, त्याला कुलूप, कारण साप हा पळून जाण्यात पीएचडी असतो. काच चारही बाजूंनी नको, तीन बाजू लाकडाच्या, उघड्यावर बसवलं की त्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही. टिंबर मार्केटमधून प्लाय आणला. सुतार म्हणाले, "ताई, देव्हारा का?" मी म्हटलं, नाही, सापासाठी. त्यांनी पेन्सिल कानामागे ठेवली. "आत ठेवायला, का बाहेर ठेवायला?" तळाशी घालायची विजेवर तापणारी हीट मॅट, तिला ठरलेल्या तापमानाला बंद करणारा थर्मोस्टॅट, दोन थर्मामीटर, आर्द्रता मोजायचं मीटर यातलं काही ऑनलाइन मागवलं, बाकी वायरींचं तपकीर गल्लीत जाऊन आणलं. पेटी टेम्पोतून उतरताना वॉचमनने विचारलं म्हणून सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्याने मला पार्किंगमध्ये बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, मांडूळ आहे का? पार्टी आहे माझ्याकडे." दोन तोंडांचा मांडूळ, कोटींचा भाव, गुप्तधन, सगळं त्याच्या डोळ्यात चमकत होतं. मी म्हटलं मांडुळाला एकच तोंड असतं हो, शेपूट बोथट असते म्हणून लोक फसतात, आणि पकडलं तर आत जाल. त्याचा विश्वास बसला नाही. मीच भाव वाढवतेय असं त्याला वाटलं असणार.

जानेवारीपासून बँकेच्या जुन्या डायरीत मी नोंदी लिहायला लागले. सकाळी सात आणि रात्री दहा, गरम बाजू, गार बाजू, आर्द्रता. सापाला स्वतःची उष्णता तयार करता येत नाही, त्यामुळे पेटीत एका टोकाला ३२ च्या आसपास आणि दुसऱ्या टोकाला २६ च्या आसपास हवं, म्हणजे तो आपलं आपण सरकून हवं ते घेतो. दोन्हीकडे लपायला जागा हवी, नाहीतर तो भीतीपोटी चुकीच्या तापमानात बसून राहील. ऐकायला किती सोपं. पहिल्याच आठवड्यात मी थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार हवेत लोंबकळत ठेवली, आकडा बरोबर ३२ दाखवत होता, आणि सहज हात आत घालून मॅटवर तळवा टेकला तर चटका बसला. दुसऱ्या थर्मामीटरने मोजलं, ४७. पाळलेल्या सापांमध्ये पोट भाजायच्या केसेस खूप असतात, पोटाखाली गरम लागतंय म्हणून तो उठून जाईलच असं नाही. म्हणजे पेटीत साप असता तर आकडा बघून मी निवांत झोपले असते, आणि तो तिथेच भाजत राहिला असता, आवाज न करता. मी तळव्याला तूप लावलं आणि डायरीत ४७ ला लाल पेनने गोल केला. माझी चूक कोणाच्याही अंगावर न येता होऊन गेली, याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आणि पुण्याची हवा, जिचं कौतुक करताना आपण थकत नाही, ती या पेटीच्या बाजूने कधीच नव्हती. जानेवारीत शिवाजीनगरला सकाळी दहा डिग्री, त्यात गुरुवारी लाईट जाते, तीन तासांत गरम बाजू २२ वर. पोटात उंदीर असलेला साप असा गार पडला तर पचन थांबतं, तो ओकून टाकतो. मग थर्माकोल लावा, इन्व्हर्टरवर घ्या. मार्चमध्ये आर्द्रता २५, हवी साठ. पाण्याचं भांडं मोठं करा, कोकोपीट, म्हणजे तळाशी पसरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा, ओलसर ठेवा. ते जरा जास्त ओलं झालं की बुरशी. एप्रिलअखेर आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत मॅट पूर्ण बंद असूनही गार बाजू ३४, म्हणजे गार बाजू उरलीच नाही, पेटी खाली बैठकीच्या खोलीत हलवली. जुलैत सगळं घरच दमट, चादरी वाळत नाहीत तिथे पेटीचं काय घेऊन बसलात. नवरा एकदा वीजबिल हातात घेऊन शांतपणे म्हणाला, "म्हणजे रिकामं खोकं उबदार ठेवायचे आपण पैसे भरतोय." हो म्हटलं. तो म्हणाला, "नाही, मी फक्त नीट समजून घेत होतो."

फ्रीजरवरून मात्र तो गप्प बसला नाही. गोठवलेले उंदीर कुठे ठेवणार हा प्रश्न निघाल्यावर, मटार आणि खवलेल्या खोबऱ्याच्या शेजारी, असं उत्तर मी द्यायच्या आधीच त्याचा चेहरा पडला होता. "आपल्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो," तो म्हणाला, "मोदकांचं खोबरं आणि त्याच कप्प्यात गणपतीचं वाहन?" याला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. वेगळा छोटा फ्रीजर हे उत्तर आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंचा प्रश्न असतो, सापाचं काहीही स्वयंपाकघरात आणायचं नाही, हात लावला की साबणाने धुवायचे. आजींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, वेगळाच मुद्दा काढला, "जगतो किती?" वीस-तीस वर्षं, म्हटलं. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात तर एका बॉल पायथन मादीने २०२० साली अंडी घातली तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे असल्याचा अंदाज होता. त्यांनी बोटांवर हिशोब केला. "मग हा जर्मनीला जाईल, तू सत्तरीला येशील, आणि उंदीर तुझी सून गरम करेल." तिथे सगळेच हसलो, पण डायरीत मी त्या दिवशी तापमान लिहायला विसरले.

सगळ्यात जास्त मला छळलं ते न जेवण्याच्या धड्याने. बॉल पायथन कधीकधी महिनोन् महिने जेवत नाही. विशेषतः थंडीत. तब्येत ठीक असते, वजन फारसं उतरत नाही, फक्त जेवत नाही. मालक घाबरून जातो, रोज उंदीर दाखवतो, हाताळतो, जागा बदलतो, आणि त्या घाईगर्दीनेच तो आणखी आक्रसतो. करायचं काय, तर तापमान तपासायचं, वजन करायचं, वाट बघायची. मी ही ओळ तीन-चारदा वाचली. चिरंजीव दोन वर्षांचा असताना मी वरणभाताची वाटी घेऊन त्याच्यामागे अख्खी बाग फिरायची, काऊचा घास चिऊचा घास, दोन तास, घास गालात धरून बसायचा आणि मी रडकुंडीला यायची. डॉक्टर म्हणाल्या होत्या, वजन बरोबर आहे ना, मग सोडून द्या. मला सोडता आलं नव्हतं. आता तो पंधराचा, दार लावून बसतो, जेवायला हाक मारली की "नंतर". सापाला पापण्या नसतात, आवाज नाही, चेहऱ्यावर काही उमटत नाही, मग तो बरा आहे की नाही हे कशावरून ओळखायचं तर जीभ किती वेळा येते, श्वासाला बुडबुडा आहे का, डोकं उगाच वर करून बसलाय का, कुठल्या बाजूला बसलाय. एवढंच हातात. बाकी दार लावलेलंच. असो, मुलाची आणि सापाची तुलना केली म्हणून तो आधीच एकदा रागावलाय.

श्रावणात एक गोष्ट झाली. वाचता वाचता मला बेनिनमधल्या विदा गावातलं सापांचं देऊळ सापडलं, पश्चिम आफ्रिका, म्हणजे या बॉल पायथनचं माहेरच. तिथे हेच साप देवळात राहतात, पूज्य असतात, रात्री त्यांना मोकळं सोडतात, ते गावात फिरून शिकार करतात, कोणाच्या घरात शिरले तर लोक मारत नाहीत, उचलून देवळात आणून देतात. मी हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या दिंडांचं पुरण शिजवत होत्या. "दूध पाजतात का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटलं, रात्री स्वतःचं स्वतः खातात. त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी बघते तर पेटीच्या काचेसमोर चार लाह्या आणि हळदीकुंकवाचं बोट. आत कोणीच नव्हतं, कोकोपीट आणि पाण्याचं भांडं आणि ३१.८. मी त्यांना म्हटलं, अहो आई, रिकामी आहे. "चंदनाचा नाग तरी कुठे खरा असतो," त्या म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

चिरंजीवांचा उत्साह ऑक्टोबरपर्यंत टिकला, माझ्या अंदाजापेक्षा आठ महिने जास्त, मानलं पाहिजे. मग गिटार आली. एका रात्री तो म्हणाला, "आई, तुला हवा असेल तर तू आण ना, मला तसा नको आता." चांगलं मोकळेपणाने म्हणाला. मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पेटी बंद करता आली असती, कोणीतरी घेऊनही गेलं असतं. पण सकाळी सात वाजता मी परत डायरी घेऊन बसले होते. सवय म्हणा. मला साप हवा होता का? अजून सांगता येत नाही. कधी वाटायचं, हो, नीट येतंय आता आपल्याला. आणि दुसऱ्याच दिवशी तिथे आत एक जीव सगळं आयुष्य चार फुटांत काढणार, माझ्या तापमानावर, माझ्या इन्व्हर्टरवर, हे डोक्यात यायचं आणि मी काच पुसून उठायची.

या जानेवारीत बाणेरहून फोन आला. त्या मुलाची आई. "तुम्ही सापाचं काहीतरी शिकलात असं हा म्हणत होता," आवाज घाबरलेला, "थोरचे डोळे पांढरट निळे झालेत हो, आंधळा झाला का?" मी वर्षभर जे वाचलं होतं ते सगळं एकदम घशाशी आलं, पण म्हटलं, नाही, कात टाकणार आहे. त्याच्या डोळ्यावर पापणी नसते, पारदर्शक खवला असतो, तो पण कातीबरोबर जातो, त्याआधी असा धुरकटतो. हात लावू नका, खायला घालू नका, काचेवर टकटक करू देऊ नका. मग स्वतःच म्हटलं, "मी येऊ का?"

टाकी तिथेच होती, स्पीकर मात्र हलवला होता. वर एक पिवळा बल्ब दिवसभर, आत कोरडं ठणठणीत, आर्द्रता २८. थोरच्या शेपटीच्या वर चारेक इंच खवले नसलेला, फिकट, गुळगुळीत चट्टा होता. कसला ते मी विचारलं नाही. त्याच्या बाबांनीच सांगितलं, मागच्या वर्षी जरा उंदराचं झालं होतं. "मी होते तेव्हा," मी म्हटलं. "वाढदिवसाला. मी बघितलं होतं." ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मी माझ्या हातांकडे. मग आम्ही दिवाळीच्या फराळाचा एक मोठा प्लॅस्टिकचा डबा घेतला, त्याला भोक पाडलं, कडा मेणबत्तीवर फिरवून गुळगुळीत केल्या, नर्सरीतलं ओलं मॉस, म्हणजे शेवाळ, भरलं आणि तो टाकीत ठेवला. बल्बला थर्मोस्टॅट लावला, माझ्याकडचा जास्तीचा. तीन बाजूंना पुठ्ठे चिकटवले. परिवेशचा फॉर्म त्यांनी लॅपटॉपवर उघडून ठेवला होता, अर्धा भरलेला.

नऊ दिवसांनी परत फोन, टाकली कात. रविवारी गेले. थोर डब्यात होता, भोकातून नुसतं नाक दिसत होतं. कात अखंड यायला हवी, मोजा उलटा काढतो तशी, ही तीन तुकड्यांत आली होती, म्हणजे ओल आमची उशिरा पोचली. मी डोक्याचा तुकडा ट्यूबलाइटसमोर धरला. चिकट, थंड, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा, आणि त्यात डाव्या डोळ्याचा गोल, अगदी छोट्या कॉन्टॅक्ट लेन्ससारखा, स्वच्छ दिसत होता. उजव्या बाजूला फाटलेलं. तो गोल कातीत नसेल तर डोळ्यावर चिकटून राहिलेला असू शकतो, आणि तो नखाने काढायला जायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. त्याला आता बाहेर काढून बघू नका म्हटलं, आधी शोधू.

जुनं कोकोपीट वर्तमानपत्रावर उपसलं आणि आम्ही तिघं फरशीवर बसलो, त्याचे बाबा मोबाइलचा टॉर्च धरून, चिमूट चिमूट पसरवत. मुलगा सोफ्यावरून वाकून बघत होता. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग बाबांनी बोटाच्या टोकावर काहीतरी उचललं, चमकणारं, आणि श्वास धरून माझ्यापुढे केलं.

"हा आहे का बघा."

मी चष्मा वर करून बघितलं. नारळाचं कुसळ होतं. आम्ही परत शोधायला लागलो.